तिसऱ्या पाळीचा ड्रमर

भिवंडीला जाऊन आलो म्हटलं की लोक विचारतात, "नातेवाईक आहेत का तिकडे?" किंवा "कापड आणायला गेला होतास?" एक बँड खरा आहे की खोटा ते पाहायला गेलो होतो, असं सांगितलं की पुढचं कोणी विचारत नाही. नुसते बघतात. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

मी जालन्यात सकाळी कॉलेज करतो आणि दुपारी एका कापड दुकानात काम करतो. गेल्या पावसाळ्यानंतर गोधडीच्या अस्तरासाठी एका बाईंना मांजरपाट मोजून देत होतो, तेव्हा ताग्याच्या घडीतून एक छोटं पुस्तक खाली पडलं. सोळा पानं, झेरॉक्स केलेली, मधोमध दोन पिना. वर हाताने लिहिलेलं नाव होतं 'तिसरी पाळी', अंक दुसरा. आत चित्रकथा होती. शेठ म्हणाले, "रद्दीत टाक." मी खिशात टाकलं. मग भिवंडीचा प्रत्येक तागा मी जरा जास्तच काळजीने उलगडू लागलो. चार महिन्यांत चार अंक मिळाले.

'तिसरी पाळी' हा नारपोलीतल्या चार जणांचा रॉक बँड. शहरातला उजेड चोरणारा एक अंधारशेठ आहे. त्याने वीज पळवली की हे चौघे बाहेर पडतात, गिटारवाला विजेच्या तारेवर आकडा टाकतो, पहिली तार छेडतो आणि गल्लीतले दिवे एकेक करून लागतात. मला सगळ्यांत आवडायचं ते आवाजाचं चित्र. गाणं सुरू झालं की गिटारमधून शेकडो सुती धागे निघत आणि पानभर ताणले जात. प्रत्येक अंकाच्या शेवटी लिहिलेलं असे: "माणसं खरी, गाणी खरी." खाली नारपोलीतल्या एका चहाच्या टपरीचा पत्ता.

स्नेहसंमेलनाच्या समितीत मी कसाबसा होतो. दरवर्षीच्या ऑर्केस्ट्राऐवजी हा बँड बोलवावा, असं मी एका बैठकीत बोलून गेलो. आमचा वर्गप्रतिनिधी विक्रम म्हणाला, "पुस्तकातला बँड बोलावतोय हा! उद्या म्हणेल, त्यातला अंधारशेठ पाहुणा म्हणून आणू." सगळे हसले. शंका मलाही होतीच. चार अंकांत ड्रमरचा चेहरा एकदाही दिसत नव्हता. कायम पाठमोरा, नाहीतर धुरात. चेहरा नसलेला माणूस खरा कसा असेल?

पण समितीचे प्रमुख असलेले आमचे सर हसले नाहीत. म्हणाले, "दत्ता, तू जाऊन ये. तू आहे म्हणालास तर बँड आहे, नाही म्हणालास तर नाही. समिती तुझा शब्द मानेल."

माझे वडील सायकली दुरुस्त करतात. आमच्या घरातल्या कोणाच्याही नुसत्या शब्दावर आजवर काही ठरलेलं नाही. रेशनच्या दुकानात काय, तलाठ्याकडे काय, आमच्याकडे आधी कागद मागतात. त्यामुळे सरांचं ते वाक्य मला खूप मोठं वाटलं, आणि त्याची भीतीही वाटली.

गुरुवार, नारपोली

आमच्या गल्लीतले बापूकाका दापोड्याच्या एका गोदामात सुपरवायझर आहेत. त्यांच्याकडे उतरलो. सकाळी त्यांनी मला शेअर रिक्षात बसवून धामणकर नाक्याला सोडलं आणि जाताना म्हणाले, "फार विचारपूस करत फिरू नको." का, ते सांगितलं नाही.

नाक्यावर ताग्यांनी भरलेले टेम्पो, हातगाड्या आणि रिक्षा एकमेकांना चिकटून उभ्या होत्या. आमच्या बाजाराच्या दिवशी माणसं बैलांना वाट देतात, इथे कापडाला देतात. तिथून आत वळलो आणि लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, आवाज सुरू झाला. मी गिरणीचा आवाज ऐकलेला आहे, पण हा कानांनी ऐकायचा आवाजच नव्हता. जमिनीतून चपलेत येत होता. लोक एकमेकांच्या कानाला तोंड लावून बोलत होते.

टपरी सापडली. टपरीवाल्यापुढे अंक धरला आणि हा बँड कुठे भेटेल असं विचारलं. त्याने पुस्तकाला हात लावला नाही.

"ऐसा कुछ नहीं है इधर."

"पण पत्ता तुमचाच आहे."

"पता तो किसी का भी लिख देते हैं लोग."

बाकावरचा एक जण स्वतःहून म्हणाला, "दस साल से इधर हूँ. कभी सुना नहीं." पुढे पानवाला, मग एक मौलवीसाहेब, मग शाळेतून मुलीला आणणारी एक बाई, सगळ्यांनी तेच सांगितलं. कधी ऐकला नाही. इतक्या माणसांचं उत्तर इतकं सारखं कसं, याचाच मला संशय येऊ लागला.

मग मला दुसऱ्या अंकातला खांब दिसला. तोच ट्रान्सफॉर्मर, तारांचा तसाच गुंता, त्यात अडकलेला तसाच पतंग. निदान खांब तरी खरा निघाला, म्हणून मला आनंद झाला. रस्त्याच्या मध्ये उभा राहून मी एकदा पुस्तकात, एकदा वर तारांकडे पाहू लागलो. वही काढून टिपूनही घेऊ लागलो.

तेवढ्यात डावीकडचा आवाज थांबला. मग त्याच्या पलीकडचा. मग समोरचा. बघता बघता सगळी गल्ली गप्प झाली आणि मला माझ्याच पेनाचा आवाज ऐकू आला. मला वाटलं, जेवणाची सुट्टी झाली.

साठीचे एक गृहस्थ, पांढरी टोपी, हातात चाव्यांचा जुडगा, लगबगीने माझ्याकडे आले. "साहेब, उन्हात कशाला? आत या ना."

जन्मात मला कोणी साहेब म्हटलं नव्हतं. मी आत गेलो. ते एका लूमच्या कारखान्याचे मालक. सगळे त्यांना मुनाफचाचा म्हणत. घराणं कोकणी मुसलमान, चार पिढ्या इथलंच. ऑफिसात त्यांनी मला पंख्याखाली बसवलं आणि घरून ताट मागवलं. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण, वर कच्चा कांदा. तांदळाची भाकरी मी पहिल्यांदा खाल्ली. ज्वारीच्या भाकरीसारखी ती तुटत नाही, कापडासारखी घडी होते.

"साहेब कुठून आले?"

"जालन्याहून."

चाचा दारात उभ्या असलेल्या मुकादमाकडे वळले. "बघ, या वेळी बाहेरची टीम आणली." मग मला म्हणाले, "किती जण आहात?"

"मी एकटाच."

"एकटाच," ते मुकादमाला म्हणाले. एकटा असणं टीमपेक्षा वाईट, असा त्यांचा चेहरा झाला.

एका अनोळखी पोराला एवढं ताट कोण देतं? हे काहीतरी लपवत आहेत, अशी माझी खात्री होत चालली. मी सरळ विचारायचं ठरवलं. अंक उघडला, गिटारवाला तारेवर आकडा टाकतो त्या चित्रावर बोट ठेवलं आणि विचारलं, "चाचा, हे खरं आहे का?"

आमच्याकडे शेतातल्या मोटारीला आकडा टाकतात आणि चावडीवर बसून त्याबद्दल सहज बोलतात. माझे चुलते तर कोणाचा आकडा जास्त दिवस टिकला यावर पैज लावतात. नारपोलीत अनोळखी माणसाने वही घेऊन तारांकडे बघणं आणि मग आकड्याच्या चित्रावर बोट ठेवणं म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं.

मुकादम भिंतीला टेकला. चाचांनी कपाट उघडून फाइल काढली. "हा माझा मीटर नंबर. या पावत्या. एक महिना चुकला असेल तर दाखवा. बाजूवाल्याचं मला माहीत नाही, माझा मीटर सीलबंद हाय."

तेव्हा कुठे मला उमगलं की गल्ली का थांबली होती. सगळे मला वीजचोरी पकडायला आलेला साहेब समजले होते. मी घाईघाईने कॉलेजचं ओळखपत्र काढलं. त्यांनी ते उलटसुलट केलं. "असलं कार्ड नाक्यावर दहा मिनिटांत बनवून देतात."

"खरंच विद्यार्थी आहे मी. बँड शोधायला आलोय."

"माझ्या कारखान्यात बँड?" ते पुस्तक चाळू लागले. चौथ्या पानावर थांबले. पानाच्या कोपऱ्यात हाताने लिहिलेला चार त्यांनी डोळ्यांजवळ नेला. मग त्यांची नजर माझ्यामागे रचलेल्या ताग्यांवर गेली. प्रत्येक ताग्याला चिठ्ठी होती, तिच्यावर हाताने लिहिलेली कापडाची लांबी. तिथेही चार असाच होता, वर एक गाठ मारल्यासारखा.

त्यांनी पुस्तक फाइलमध्ये ठेवलं आणि फाइल कपाटात.

"भाकरी संपव," ते म्हणाले. साहेब गेला होता, तू आला होता. कोणाचं तरी मोठं नुकसान मी केलं आहे एवढं कळलं, पण कोणाचं ते कळलं नाही.

शुक्रवार, दापोडे

शुक्रवारी भिवंडीचे लूम बंद असतात. कारीगरांची सुट्टी, आणि दिवसाचा मोठा भाग वीजही नसते. मी बापूकाकांच्या गोदामाच्या ओट्यावर बसलो होतो. समोर गोदामामागे गोदाम, मध्येच भाताच्या खाचराचा एक तुकडा राहिलेला. मी इथे उतरलोय हे काल चाचांना सांगितलं होतं; त्या पत्त्यावर स्कूटरवरून एक तरुण आणि एक मुलगी आली. मुलगी माझ्याच वयाची. हेल्मेटही न काढता तिने विचारलं, "तुम्हाला कोणी पाठवलं?"

ती नसीम, मुनाफचाचांची मुलगी. कारखान्यात तागे तपासून घडी घालायचं काम तिच्याकडे. चित्रकथा तीच काढायची आणि घडीत सरकवायची. स्कूटर चालवणारा तिचा चुलतभाऊ इरफान, बँडचा गिटारवाला. त्यांना पाहून गोदामाच्या मालकाचा मुलगा हरेश बाहेर आला. तो बेस गिटार वाजवतो.

"मी जालन्याच्या..."

"कार्ड दाखवा."

मी दिलं. तिने ते उजेडासमोर धरलं, जसं कापडातलं छिद्र शोधतात तसं. मग परत दिलं. "अब्बा काल जेवले नाहीत. मला एक शब्द बोलले नाहीत. आकडा माझ्या चित्रात हाय, आमच्या कारखान्यात नाय. आता हे कोणाकोणाला सांगत फिरायचं?"

"पण ताग्यांत तर तुम्हीच घातले ना अंक?"

"हो. वाचायला. बोट ठेवून मालकाला दाखवायला नाय."

मी माफी मागितली. ती मिळाली की नाही, हे खात्रीने सांगता येत नाही. मग धीर करून मूळ प्रश्न विचारला. "बँड खरंच आहे? कारण नारपोलीत कोणीच ऐकलेला नाही."

हरेश हसला. "कोनी कशाला, आमीपन नाय आयकला."

इरफानने समजावलं. त्यांचा गायक रामकिशन, उत्तर प्रदेशातला, चाचांच्याच लूमवर बारा तासांच्या ड्युटीवर असतो. त्याला सुट्टी फक्त शुक्रवारी. शुक्रवारी करंट नाही, आणि करंट नसेल तर ॲम्प्लिफायर नाही. म्हणजे वाजवायचं ते रामकिशनच्या ड्युटीतच, लूम चालू असताना, कारखान्याच्या मागच्या कोपऱ्यात, चाचा नाक्यावर गेले की. चोवीस लूम चालू असताना गिटार कोणाला ऐकू जाणार?

"लूमला दोनच पाळ्या असतात," नसीम म्हणाली. "यांची ही तिसरी. कोणाला ऐकू येत नाही, म्हणून मी काढते."

"घरी का नाही वाजवत?" मी हरेशला विचारलं.

"एकदा वाजवला. आजूबाजूच्या बाया इचारत आल्या, लगीन कोनाचा हाय? आणि रामकिशन कुठं हाय घरी?"

गोष्ट सगळीकडून नीट जुळत होती. इतकी, की मला ती पाठ केल्यासारखी वाटली. मी विचारलं, "आणि ड्रमर?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"उद्या ये," हरेश म्हणाला. "मंग खरा सांग तुज्या कालेजात."

शनिवार, कारखाना

दारातच मुनाफचाचा उभे होते. त्या दिवशी ते नाक्यावर गेले नव्हते. मागे नसीम, तिच्यामागे इरफान गिटार घेऊन, लपवायचं आता काही उरलं नाही अशा चेहऱ्याने. चाचांनी मला बोटाने आत बोलावलं.

चोवीस लूम चालू होते. छातीत काहीतरी सतत आपटत होतं. हवेत कापसाचे तंतू. चार लूमच्या मधोमध रामकिशन उभा, तिशीचा, सडपातळ, तुटलेला धागा दोन बोटांत गाठ मारून जोडत होता. इरफान आणि हरेशने कोपऱ्यात वायरी लावल्या. रामकिशनने लूमवरून नजर न काढता तोंड उघडलं, आणि त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या.

मला काहीही ऐकू आलं नाही. इरफानची बोटं पळत होती, हरेश मान डोलावत होता, आणि ऐकू येत होते फक्त लूम. मी ॲम्प्लिफायरच्या लाकडावर हात ठेवला. तळहाताला थरथर लागली. म्हणजे काहीतरी होतं. पण थरथर म्हणजे गाणं नव्हे.

मी इरफानच्या कानात ओरडलो, "ड्रमर कुठाय?"

त्याने एका लूमकडे बोट दाखवलं. सात नंबरचा. बाकीचे सरळ चालत होते, हा लंगडत होता. दोन ठोके बरोबर, तिसरा जरा उशिरा. कसला तरी भाग झिजला आहे, नसीमने नंतर सांगितलं. चाचांनी दोनदा मिस्त्री बोलावला आणि दोन्ही वेळा इरफानने त्याला परस्पर वाटेला लावलं. तिघेही त्या तिसऱ्या ठोक्याकडे कान लावून वाजवत होते. त्याला तोंड नव्हतं, म्हणून नसीमला ते काढता आलं नव्हतं.

तेवढ्यात चाचांनी हात वर केला आणि मुकादमाला खूण केली. कारीगर एकमेकांकडे बघू लागले, मग एकेक हँडल ओढलं गेलं. चालू पाळीत लूम थांबवणारा मालक त्यांनी पाहिला नसावा. शांतता इतकी झाली की कानात शिट्टी वाजू लागली.

"माझ्या नाकाखाली काय चाललंय ते मलापण ऐकू दे," चाचा म्हणाले. "वाजवा."

त्यांनी सुरुवात केली. इरफान पुढे धावला, हरेश मागे राहिला. आणि रामकिशनचा आवाज! चोवीस लूमच्या वर काढायची सवय असलेला तो आवाज त्या शांततेत भिंतींवर आपटला. सूर कुठल्या कुठे. दुसऱ्याच ओळीला तो थांबला. स्वतःचं गाणं तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होता.

"ये मैं हूँ?" त्याने विचारलं.

कोणीतरी मागे हसलं आणि लगेच गप्प झालं. नसीम जमिनीकडे पाहत होती. चार अंकांतले ते सगळे धागे तिने याच आवाजासाठी काढले होते.

"भाई," रामकिशन माझ्याकडे वळला, "आप बाहर से आए हो. सच बोलना. कैसा लगा?"

तीन दिवस मी यांच्यावर संशय घेतला होता. आता तेच माझ्याकडे तसे बघत होते, हा खरं बोलेल का म्हणून. मी म्हणालो, "आप चिल्लाते हो. आवाज बुरी नहीं है. पर चिल्लाते हो." माझं हिंदी तसलंच.

तो गंभीरपणे मान हलवत राहिला. "अब तक किसी ने बोला नहीं था."

चाचा मुकादमाला म्हणाले, "सात नंबर चालू कर."

एकटा सात नंबर चालू झाला. दोन बरोबर, तिसरा उशिरा. इरफानने डोळे मिटले. हरेशचा पाय आपोआप हलू लागला. या वेळी रामकिशन हळू गायला, जवळजवळ बोलल्यासारखा. त्याच्या गावाकडच्या एका नदीचं गाणं होतं, पाणी ओसरल्यावर वाळूत राहिलेल्या होडीचं. फार उत्तम होतं असं मी म्हणणार नाही. एका ठिकाणी इरफान चुकलाच. पण ते गाणं होतं आणि तो बँड होता. कारीगर आपापल्या बंद लूमवर हात ठेवून उभे होते, आणि कोणी हसत नव्हतं.

संपल्यावर चाचांनी सगळे लूम सुरू करायला लावले. जाताना नसीमजवळ थांबून त्यांनी तिच्या कानात काहीतरी सांगितलं. ते मला ऐकू आलं नाही, म्हणून दारात तिला विचारलं.

"बोलले, हात चांगला हाय. आकडा खोडून टाक."

हरेशने मला रिक्षापर्यंत सोडलं. येता का जालन्याला, असं मी विचारलं. तो म्हणाला, "सात नंबरला कसा आननार? आमी नाय येत. पन तू हाय म्हनून सांग."

जालना

सोमवारच्या बैठकीत मी सगळं सांगितलं. ताट, फाइल, शुक्रवार, सात नंबर. माझ्याकडे फोटो नव्हता, कॅसेट नव्हती. विक्रम शेवटपर्यंत थांबला आणि म्हणाला, "म्हणजे बँड आहे, पण कोणी ऐकलेला नाही, तो येऊ शकत नाही, आणि ड्रमर एक मशीन आहे. म्हणजे नाहीच ना?"

सगळे हसले. सर हसले नाहीत, पण त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग कार्यवृत्ताच्या वहीत लिहिलं आणि सहीसाठी वही फिरवली. माझ्यापर्यंत आली तेव्हा मी वाचलं: "सदर बँड अस्तित्वात आहे, असे दत्ता यांचे म्हणणे आहे. सर्वानुमते ऑर्केस्ट्रा ठरला."

ऑर्केस्ट्राचं मला काही वाटलं नाही. ते बरोबरच होतं. सरांनी माझ्या नावापुढे 'यांचे' लिहिलं होतं, तेही मी दोनदा वाचलं. तरी सही करवेना. मी उभा राहिलो.

"सर, 'म्हणणे आहे' काढा."

"का?"

"तुम्ही म्हणाला होतात, मी आहे म्हटलं तर आहे. मी तिथे होतो. मी ऐकलाय."

सरांनी वही परत घेतली, पेनचं टोपण काढलं आणि ते शब्द एका रेघेने खोडले. मग सगळं वाक्य पुन्हा स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि वही माझ्याकडे सरकवली. आता त्या वाक्यात एवढंच होतं: "सदर बँड अस्तित्वात आहे."

मी खाली सही केली.